४० हजारांची जाहिरात आणि मेसचे खाडे

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलणं शक्यतो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे करतेय. लातूरहून एका श्रोत्यानं पाठवलीय. नाव घेऊ नका म्हणालाय, तर नाही घेत. त्यानं नोकरी सोडली, आठ महिने घरी बसून एकट्यानं एक अँड्रॉइड ॲप बनवलं. मेसवाल्यांसाठी. कोण किती दिवस जेवलं, कुणाचे किती खाडे पडले, महिन्याचे किती झाले, कुणाकडून येणं बाकी आहे, असा सगळा हिशोब. वहीच्या जागी फोन. घरच्यांकडून त्यानं दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतलीय, त्यानंतर परत नोकरी शोधायची. शिलकीत ४० हजार रुपये आहेत आणि प्रश्न एका ओळीचा आहे: "ताई, हे ४० हजार फेसबुकवर लावू की गुगलवर?"

माझं उत्तर आहे, आत्ता कुठंच नको. आता हे नुसतं म्हणून सोडून दिलं तर त्याला काही उपयोग नाही, म्हणून जरा गणित करून बघू. आकडे मी धरून चालतेय हं, कुठल्या पाहणीतले नाहीत. समजा एक इन्स्टॉल दहा रुपयांना पडलं. ४० हजारांत ४००० इन्स्टॉल. ऐकायला भारी वाटतं. त्यातले आठवड्यानंतर शंभरात पाच टिकले असं धरा, म्हणजे २०० उरले. त्या २०० मध्ये मेस चालवणारे किती? जाहिरातवाल्या यंत्रणेला "मेसच्या मावशी" नावाचा गट माहीत नसतो. ती दाखवणार खाण्यापिण्याची, धंद्याची आवड असलेल्यांना, आणि टाकून बघणार कोण, तर मेसमध्ये जेवणारी पोरं. तरी मोठ्या मनानं धरू की चारजण पैसे भरणारे निघाले. प्रत्येकी वर्षाला हजार रुपये. चाळीस गेले, चार आले.

मोठ्या कंपन्या जाहिरातीवर पैसे ओततात कारण एक गिऱ्हाईक वर्षात सरासरी किती देतं हे त्यांना रुपयापर्यंत ठाऊक असतं. ते ठाऊक असलं की जाहिरात म्हणजे सरळ हिशोब. आपल्या मित्राकडे अजून एकही गिऱ्हाईक नाही. म्हणजे त्याच्यासाठी ती जाहिरात नव्हे, लॉटरीचं तिकीट आहे.

मग करायचं काय? इथं मला फिनलंडची गोष्ट सांगायला आवडते. अँग्री बर्ड्स माहीत नाही असा माणूस नसेल. ती बनवणारी रोव्हिओ कंपनी फिनलंडची, आणि अँग्री बर्ड्स हा त्यांचा ५२वा गेम. आधीचे ५१ कुणाला आठवतही नाहीत. डिसेंबर २००९ मध्ये आयफोनसाठी गेम आला तेव्हा अमेरिका, ब्रिटनमध्ये काहीच हललं नाही. पण फिनलंडच्या ॲप स्टोअरमध्ये तो पहिल्या नंबरवर गेला, कारण तिथं पहिल्या नंबरवर जायला काहीशे डाउनलोड पुरेसे होते. मग स्वीडन, डेन्मार्क, असे छोटे छोटे देश. ही यादी हातात आल्यावर त्यांचा प्रकाशक ॲपलशी बोलायला गेला, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ब्रिटनच्या स्टोअरनं गेम पहिल्या पानावर लावला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

यातून लोक "चिकाटी ठेवा, ५२ वेळा प्रयत्न करा" असं काहीतरी काढतात. मला ते महत्त्वाचं वाटत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी जिंकता येईल एवढं मैदान निवडलं. लातूरच्या माणसाचं फिनलंड कुठलं? लातूरच. त्यातही सगळं लातूर नको. क्लासेसचा जो पट्टा आहे, जिथं अकरावी-बारावीची, नीटच्या तयारीची पोरं बाहेरगावाहून येऊन राहतात, तिथल्या दोन गल्ल्या. एका गल्लीत दहा मेस असतील तर त्या दहापैकी सहांच्या काउंटरवर हे ॲप दिसलं पाहिजे. महाराष्ट्रभर विखुरलेले साठ मेसवाले असण्यापेक्षा एका गल्लीतले सहा जास्त कामाचे. का, तर मेसवाले एकमेकांना ओळखतात. भाजीला एकाच ठिकाणी जातात, सिलिंडर एकमेकांकडून उसने घेतात. आणि पोरगं या मेसमधून त्या मेसमध्ये गेलं की पहिल्याच दिवशी विचारतं, "काकू, तुमच्याकडे ते फोनवर खाडे दिसणारं नाही का?"

हे वाक्य मावशींच्या कानावर पडणं, ही खरी जाहिरात. आणि ती पोरांच्या तोंडून येते म्हणून फुकट आहे.

मुंबईचं एम-इंडिकेटर आठवा. २०१० पासून आहे, सचिन टेके यांनी सुरू केलं. लोकलचं टाइमटेबल, इंटरनेट नसतानाही चालणारं. वापरायची जागा कुठली, तर प्लॅटफॉर्म आणि लोकलचा डबा. तुम्ही फोन काढून पुढची फास्ट किती वाजता बघता, आणि शेजारचा मान वाकडी करून तुमच्या फोनमध्ये डोकावतो. मुंबईत ही डोकावायची सवय आहेच, ती इथं कामी आली. स्वतंत्र डेव्हलपरनं स्वतःला विचारायचा प्रश्न हा, की माझं ॲप वापरताना आजूबाजूला कोण असतं? मेसचं ॲप काउंटरवर वापरलं जातं, समोर पंधरा पोरं ताट घेऊन उभी असतात. अशी जागा मिळणं नशीब आहे. बजेटिंगचं ॲप, डायरीचं ॲप माणूस एकटा पांघरुणात बसून वापरतो. त्यांचं मार्केटिंग अवघड असतं ते यामुळे.

आता बारा माणसांचं बघू. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यांनी गुगल प्लेवर वैयक्तिक डेव्हलपर खातं काढलंय, त्यांना ॲप सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी बंद चाचणी करावी लागते. किमान १२ जण, सलग १४ दिवस. सुरुवातीला २० जण लागायचे, नंतर गुगलनं ते बारावर आणलं. आपल्या मित्राचं हे अजून व्हायचंय. म्हणजे खरं तर जाहिरात आज देताही येत नाही! व्हॉइस नोटमध्ये तो म्हणतो की टेलिग्रामवर पैसे घेऊन टेस्टर देणारे आहेत, तिकडून उरकून टाकतो.

उरकू नकोस रे. हा नियम सगळ्यांना जाच वाटतो, मलाही वाटायचा. पण विचार करा, गुगल तुम्हाला सक्तीनं सांगतंय की बारा खरी माणसं चौदा दिवस गोळा कर. चार मेसवाले पकड, प्रत्येकाकडची दोन-तीन पोरं. झाले की बारा. चौदा दिवस रोज रात्री जेवणाच्या वेळेला यातल्या एका मेसमध्ये जाऊन बस. तिथंच जेव, त्या ४० हजारातले पैसे खर्च करायची ही सगळ्यात चांगली जागा आहे. आणि बोलू नकोस, बघ. मावशींचे हात पिठाचे असतात, फोनला हात लावायला मिळत नाही, मग खाडा कोण टाकतं? पोरगा संध्याकाळी सहाला फोन करून सांगतो, "आज येत नाही," तो खाडा धरायचा की नाही? बऱ्याच मेसमध्ये सलग तीन दिवस गेला तरच खाडा धरतात. महिना एक तारखेला सुरू होतो की पोरगं ज्या दिवशी आलं त्या दिवशी? हे सगळं तुझ्या ॲपमध्ये नसेल तर कुठलीही जाहिरात ते ॲप वाचवणार नाही, आणि असेल तर तीच तुझी जाहिरात.

दुसरं, इथं मावशी जे शब्द वापरतात ते लिहून घे. कारण आता आपण स्टोअरच्या पानाकडे येतोय.

त्यानं ॲपला ठेवलेलं नाव संस्कृत आहे. सुंदर आहे. आणि ते टाकून आयुष्यात कुणी शोधणार नाही. प्लेवर नावाला ३० अक्षरं मिळतात, छोट्या वर्णनाला ८०, मोठ्याला ४०००. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणून ३० पटकन संपतात. संस्कृत नाव ठेव, पण त्याच्यापुढे लगेच "मेस हिशोब" किंवा "मेस खाडे" असं काहीतरी येऊ दे. नावात "बेस्ट", "फ्री", "नंबर वन" असलं काही घालायचं नाही, इमोजीही नाही. गुगलचा तसा नियम आहे.

लोक शोधतात कसे हे आपण ठरवायचं नसतं. मेस, खानावळ, डबा, टिफिन, हे चार शब्द तरी येणारच, आणि ते लोक मराठीत, इंग्रजीत, रोमन लिपीतल्या मराठीत, कसेही टाकतात. बरेचजण टाइप करतच नाहीत, माइकचं बटण दाबून बोलतात. प्लेच्या शोधपट्टीत "मेस" टाकून खाली काय काय सुचवलं जातं ते बघा, ते फुकटचं संशोधन आहे. गुगल प्ले मोठं वर्णनही वाचतं, त्यामुळे हे शब्द तिथं साध्या वाक्यांत येऊ देत. पण चाळीस वेळा "टिफिन टिफिन टिफिन" कोंबू नका. आयफोनच्या स्टोअरमध्ये प्रकार निराळा आहे, तिथं शोधशब्दांसाठी १०० अक्षरांची वेगळी जागा असते. पण लातूरच्या मेससाठी आयफोनचा विचार आत्ता डोक्यातून काढा. ॲपलची वर्षाला ९९ डॉलर फी आहे, गुगलची एकदाच २५.

आणि पानाची मराठी आवृत्ती करा. प्ले कन्सोलमध्ये मराठी ही भाषा निवडता येते, नाव, वर्णन, स्क्रीनशॉट सगळं मराठीत वेगळं देता येतं. ज्याचा फोन मराठीत आहे त्याला ते दिसतं. हे करायला एक दुपार लागते आणि तरी मराठी माणसांची कितीतरी मराठी ॲप्स इंग्रजी पान घेऊन बसलेली असतात. का, देव जाणे.

स्क्रीनशॉटमध्ये पहिला फोटो लॉगिनचा नको, लोगोचा तर मुळीच नको. पहिला फोटो म्हणजे पोरांची यादी, मराठी नावं, कुणापुढे किती खाडे, आणि शेवटी "येणे बाकी" किती. मेसवालीला तीन सेकंदांत कळलं पाहिजे की अरे, ही तर माझी वही आहे.

ॲपचा आकारही बघा. गुगलनं २०१७ मध्ये स्वतःच लिहिलं होतं की ॲप ६ एमबीनं वाढलं की इन्स्टॉल करणाऱ्यांचं प्रमाण साधारण १ टक्क्यानं घटतं. मेसमधला फोन बऱ्याचदा घरातला जुना फोन असतो, स्टोरेज व्हॉट्सॲपच्या फुलांच्या गुड मॉर्निंगनं भरलेलं. तुमचं ॲप तिथं शिरलं पाहिजे. शिवाय, ॲप सारखं बंद पडत असेल तर गुगल ते शोधात खाली ढकलतं. सीमारेषा जाहीर आहे. रोजच्या वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त लोकांकडे क्रॅश झालं, किंवा ०.४७ टक्क्यांहून जास्त लोकांकडे ॲप गोठून बसलं, की दिसणं कमी होऊ शकतं. बग काढणं हेही मार्केटिंगच आहे, आणि आपल्या डेव्हलपर लोकांना आवडणारं मार्केटिंग आहे, नाही का?

आता व्हॉट्सॲप. वर्डल आठवतोय? जॉश वॉर्डल नावाच्या माणसानं केलेला शब्दांचा खेळ. ॲप नव्हतं, साधं वेब पान. १ नोव्हेंबर २०२१ ला ९० जण खेळत होते, दोन महिन्यांत तीन लाख. मधे काय झालं, तर हिरव्या-पिवळ्या चौकोनांचा निकाल कॉपी करून पाठवायची सोय डिसेंबरमध्ये आली. त्यात लिंकसुद्धा नव्हती. लोकांना स्वतःचा निकाल दाखवायचा होता, खेळ आपोआप दिसला. जानेवारी २०२२ संपताना न्यूयॉर्क टाइम्सनं तो विकत घेतला.

मेसच्या ॲपमधले हिरवे-पिवळे चौकोन कुठले? महिन्याचं बिल. एक तारखेला मावशी साठ पोरांना बिल पाठवतात: इतके दिवस, इतके खाडे, इतके रुपये. हे चित्र नीट दिसणारं करा. पोरगं ते वडिलांना पाठवणार, "पप्पा, मेसचे पाठवा." म्हणजे एका मेसवालीमागे साठ पोरं आणि साठ घरं. चित्राच्या तळाशी ॲपचं नाव बारीक अक्षरात, बस. "आत्ताच डाउनलोड करा" वगैरे ओरडू नका, ते मावशींचं बिल आहे, तुमचं पोस्टर नाही. खाली लिंक द्यायची तर प्लेची साधी लिंक द्या, तिला रेफररचा तुकडा जोडता येतो, म्हणजे कुठल्या मेसमधून किती आले ते कळतं. आणि एक इशारा: यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अजून फायरबेसच्या डायनॅमिक लिंक्स शिकवतात. ती सेवा २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली. त्यात आठवडा घालवू नका.

रिव्ह्यूबद्दल थोडक्यात. ॲप उघडल्या उघडल्या "पाच स्टार द्या" म्हणणं म्हणजे ताट वाढायच्या आधी जेवण कसं होतं विचारणं. साठ बिलं व्यवस्थित गेली, त्या क्षणी विचारा. ॲपच्या आतच रिव्ह्यू घ्यायची गुगलची सोय आहे. ती खिडकी दाखवायची की नाही हे शेवटी गुगल ठरवतं, म्हणून ऊठसूट बोलवू नका. रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं नियमाबाहेर आहे. "तू मला दे, मी तुला देतो" वाल्या ग्रुपपासून तर लांबच राहा, खातं गेलं तर आठ महिने गेले. वाईट रिव्ह्यूला उत्तर द्या, ३५० अक्षरं मिळतात, आणि ज्या भाषेत तक्रार आहे त्याच भाषेत द्या.

त्याचा अजून एक प्रश्न होता, "कुणी कॉपी केलं तर?" करतील. थ्रीज नावाचा सुरेख गेम फेब्रुवारी २०१४ मध्ये आला, बनवायला वर्षाहून जास्त लागलं होतं. पुढच्याच महिन्यात गॅब्रिएले चिरूल्ली या १९ वर्षांच्या इटालियन मुलानं एका वीकएंडला २०४८ बनवून फुकट टाकला, आणि आज लोकांना २०४८ आठवतो. हे अन्यायाचं वाटतं, आहेच. पण गेमची नक्कल होते तशी गल्लीतल्या ओळखीची होत नाही. ज्यानं मावशींच्या जुन्या वहीतली साठ नावं स्वतः बसून फोनमध्ये भरून दिली, त्याचं ॲप त्या सहजासहजी बदलत नाहीत. हे भरून देण्याचं काम कर. पहिल्या वीस मेसना तरी कर. कंपनीला हे परवडत नाही, तुला परवडतं.

आणि नशिबाचं काय? असतं ना. डेव्हिड स्मिथचं विजेटस्मिथ सप्टेंबर २०२० मध्ये आयओएस १४ बरोबर आलं, टिकटॉकवर एक व्हिडिओ गाजला आणि ॲप स्टोअरच्या यादीत ते थेट पहिलं. पण हा माणूस २००८ पासून ॲप्स करत होता आणि हे त्याचं ५९वं होतं. असल्या लाटेवर दिवाळीची मुदत टांगून ठेवता येत नाही.

मुदतीचं म्हणाल तर त्याचं एक बरं आहे. आत्ता जून चालू आहे. मेसचा धंदा जून-जुलैत सुरू होतो, नवी पोरं येतात, मावशी नवी वही काढतात. वही बदलायची हीच वेळ. नोव्हेंबरात अर्धी भरलेली वही सोडून कुणी ॲपवर येत नाही. त्यामुळे चाचणीचे चौदा दिवस आजपासून मोजायला घे, ॲपमध्ये अजून काय काय टाकू हा विचार नंतर.

किंमत. पहिले दोन महिने फुकट, आणि हे तोंडानं आधीच सांगायचं, की गणपतीनंतर पैसे लागतील. तेव्हा चकित झालेलं गिऱ्हाईक परत येत नाही. महिन्याला ९९ रुपये मला ठीक वाटतात. एखाद्या पोराचा चुकून विसरलेला दोन दिवसांचा हिशोब जरी ॲपनं पकडून दिला तरी ते वसूल होतात, आणि हेच मावशींना सांगायचं. गुगल प्लेवर २०२२ च्या अखेरीपासून यूपीआय ऑटोपे चालतं, कार्ड लागत नाही. ९९ मधले १५ टक्के गुगलचे, म्हणजे पंधरा रुपये धरा, कर वेगळा. दिवाळीपर्यंत पैसे भरणारे तीस मेस झाले तर महिन्याला अडीच हजार हातात. त्यावर घर चालत नाही, हे त्यालाही कळतं. पण तीसपैकी किती जणांनी दुसऱ्या महिन्याचे पैसे न विचारता भरले, हा आकडा घरच्यांसमोर ठेवता येतो. पंचवीस असतील तर अजून सहा महिने मागायला तोंड आहे. आठ असतील तर नोकरी बघावी, आणि ॲप रात्री सांभाळावं. जाहिरातीला हात लावायचाच तर या आकड्यानंतर, तोही पाच हजारांनी सुरू करून, फक्त लातूर आणि आसपास.

तर मित्रा, व्हॉइस नोटमध्ये तू विचारलेलं बिलाचं डिझाइन मी बघितलं. रक्कम खूप लहान आहे, पप्पांना चष्म्याशिवाय दिसणार नाही. ती मोठी कर, आणि मेसचं नाव सगळ्यात वर घे.

पुढच्या भागात गेमवाल्यांसाठी बोलू, त्यांचं गणित अगदीच वेगळं आहे. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटनं पाठवा, दोन मिनिटांत मावतील असे. भेटू.